आठवण करून देणे वेगळे, आठवणींत रमू देणे वेगळे

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या व्यक्तींसाठीची दोन अगदी भिन्न साधने वारंवार एकाच नावाखाली खपवली जातात. गोळीच्या वेळी गजर वाजवणारे किंवा आजचा वार सांगणारे साधन सर्वांच्या परिचयाचे आहे. ते उपयोगी आहे आणि त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. दुसऱ्या साधनाचे काम जुन्या आठवणींच्या आधाराने गप्पा सुरू करून देणे हे असते. मोठी अक्षरे आणि ठळक रंग दोन्हींत असतात, पण हे साम्य वरवरचे आहे.

घोटाळा होतो तो दुसऱ्या साधनात अचूकतेचा आग्रह शिरतो तेव्हा. पडद्यावर नातवाचा फोटो, खाली चार नावे, चुकले की लाल फुली आणि शेवटी गुण, अशा रचनेला ‘आठवणींचा खेळ’ म्हणणे मला मुळीच मान्य नाही, कारण ती सरळसरळ परीक्षा आहे. ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न भेटायला येणारा जो तो आजींना विचारतोच. त्यात यंत्राची भर कशाला?

स्कॉटलंडमधील डंडी आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठांतील नॉर्मन आल्म, आर्लीन ॲस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या ‘सर्का’ या टचस्क्रीन प्रणालीत घरगुती फोटोंऐवजी मुद्दाम सार्वजनिक संग्रहांतील छायाचित्रे, गाणी आणि चित्रफिती वापरल्या होत्या. या गटाच्या 2010 मधील अभ्यासात असे आढळले की, घरचा फोटो पाहून लोक बहुधा त्यातील माणसांची ओळख सांगत, तर कोणाच्याही घरचा नसलेला, सार्वजनिक फोटो पाहून प्रसंग सांगत. याचे कारण उघड आहे: नातवाच्या फोटोला एकच बरोबर उत्तर असते आणि नेमके तेच हाती लागत नाही, बाजाराच्या फोटोला बरोबर उत्तरच नसते, त्यामुळे दूरच्या काळातले, तुलनेने शाबूत असलेले काहीही सांगितले तरी ते चालते. शिवाय काय पाहायचे हे बोटाने निवडता येत असल्यामुळे संभाषणाची सूत्रे केवळ काळजीवाहकाच्या हाती राहत नाहीत.

मराठी घरांसाठी असे साधन करणाऱ्यांनी गिरणीचा भोंगा, पंपाचा स्टोव्ह, एसटीचा थांबा अशी सामग्री जमवावी आणि गुणांचा रकाना आधी काढून टाकावा. घरचा अल्बम वापरायचाच असेल, तर प्रत्येक फोटोखाली नाव आणि नाते ठळक अक्षरांत लिहावे, म्हणजे ते विचारण्याची वेळच येणार नाही.