द टेनर – लिरिको स्पिंटो (चित्रपट)

दक्षिण कोरिया व जपान यांचा संयुक्त चित्रपट (२०१४). दिग्दर्शक किम सांग-मान. कोरियन ऑपेरा गायक बे जे-चोल (जन्म १९६९) यांच्या आयुष्यावर तो आधारलेला आहे. थायरॉइडच्या कर्करोगाची गाठ काढताना गायकाचा आवाज जातो आणि गळ्यावरच्याच दुसऱ्या एका शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा रंगमंचावर उभा राहतो, एवढे कथानक. गायकाची भूमिका यू जी-ते यांनी केली असून जपानी आयोजक मित्राच्या भूमिकेत इसेया युसुके आहेत. चित्रपट आधी जपानमध्ये (ऑक्टोबर २०१४) आणि वर्षअखेरीस कोरियात प्रदर्शित झाला.

बे यांचे शिक्षण सोलच्या हानयांग विद्यापीठात व पुढे मिलानमधील वेर्दी कॉन्झर्व्हेटरीत झाले. युरोपात नाव होत असताना, २००५ मध्ये, जर्मनीत त्यांच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रियेत गाठ निघाली, पण एका बाजूच्या स्वररज्जूची तंत्रिका (मज्जातंतू) गेली. श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, हलवणारी तंत्रिकाही वाचली नाही. चित्रपटाविषयीच्या लेखनात या दुसऱ्या इजेचा उल्लेख ओझरता येतो. गायकाच्या दृष्टीने ती पहिलीइतकीच गंभीर आहे. जपानमध्ये बे यांचे कार्यक्रम करणारे आयोजक वाजिमा तोतारो यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये क्योटो येथे डॉ. इश्शिकी नोबुहिको यांनी थायरोप्लास्टी, म्हणजे स्वररज्जूची जागा किंवा ताण बदलणारी शस्त्रक्रिया, केली. पडद्यावर वाजिमा यांचे नाव बदलून सावादा असे ठेवले आहे.

उपशीर्षकातील ‘लिरिको स्पिंटो’ हा टेनर, म्हणजे पुरुषाच्या उंच पट्टीतल्या, आवाजाचा एक पोटप्रकार. हळुवार गाणाऱ्या टेनरचा गोडवा कायम ठेवून, गरज पडेल तेथे पूर्ण वाद्यवृंदावर मात करणारा जोर ज्याच्याकडे असतो तो या वर्गात बसतो. वेर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’तील मान्रिको, पुच्चिनीच्या ‘तोस्का’तील काव्हारादोस्सी या भूमिका अशा गळ्यांसाठी मानल्या जातात. ध्वनिक्षेपक नसतो. दोन-अडीच हजार आसनांच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो दोन स्वररज्जूंच्या घट्ट मिटण्यावर आणि खालून मिळणाऱ्या श्वासाच्या दाबावर. बे यांच्या बाबतीत नेमक्या याच दोन गोष्टी गेल्या होत्या.

थायरॉइड ग्रंथी श्वासनलिकेच्या पुढ्यात फुलपाखरासारखी पसरलेली असते. स्वरयंत्राकडे जाणारी परावर्ती तंत्रिका तिच्या मागून, श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून वर चढते. डावी तंत्रिका छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालून परत येते, उजवी गळ्याच्या तळाशीच वळते. स्वररज्जू उघडणारे आणि मिटणारे जवळजवळ सर्व स्नायू हिच्या ताब्यात. अपवाद एकच : स्वररज्जू ताणून स्वर चढवणारा स्नायू. त्याला स्वरयंत्राच्या दुसऱ्या, ऊर्ध्व तंत्रिकेची बाह्य शाखा चालवते, आणि तीही ग्रंथीच्या वरच्या टोकाशी, रक्तवाहिन्यांना लगटून जाते. परावर्ती तंत्रिका कापली गेली की त्या बाजूचा स्वररज्जू मधोमध येत नाही. फट राहते, हवा वाया जाते, आवाज फुसफुसता होतो, पाणी पिताना ठसका लागतो. निरोगी प्रौढ व्यक्ती एका श्वासात ‘आ’ साधारण १५ ते २५ सेकंद धरू शकते. अशा रुग्णात हा काळ बहुधा १० सेकंदांच्या आत येतो.

बाह्य शाखेच्या इजेचे उदाहरण म्हणून इटालियन सोप्रानो (स्त्रीच्या उंच पट्टीतल्या आवाजाच्या गायिका) अमेलिता गॅली-कुर्ची (१८८२–१९६३) यांचे नाव शल्यचिकित्सेच्या पुस्तकांत पिढ्यान्पिढ्या येत राहिले. १९३५ मध्ये शिकागो येथे त्यांचा मोठा गलगंड काढण्यात आला आणि त्यात ही शाखा तुटल्याने वरचे स्वर कायमचे गेले, असे सांगितले जाते. काही पुस्तकांनी तर त्या शाखेला त्यांचेच नाव देऊन टाकले. अलीकडील अभ्यासकांनी या कथेवर आक्षेप घेतला आहे. शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन झाली होती, त्या दरम्यान त्या गात होत्या, आणि स्वर घसरत असल्याच्या समीक्षकांच्या तक्रारी शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासूनच्या आहेत. वय आणि गलगंडाने श्वासनलिकेवर आलेला दाब ही कारणे पुरेशी होती, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तरी जुन्या कथेचा एक फायदा नाकारता येणार नाही : तिच्या धाकाने शल्यचिकित्सक ती शाखा शोधू लागले.

थायरोप्लास्टीचे श्रेय कोणाला द्यावे याविषयीही एकवाक्यता नाही. हलत नसलेला स्वररज्जू मध्यरेषेकडे सरकवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून दिसतात. १९११ च्या सुमारास ब्रूनिंग्स यांनी स्वररज्जूत पॅराफिन टोचले. त्याचे दुष्परिणाम पाहता ती पद्धत मागे पडली. १९१५ मध्ये पायर यांनी स्वरयंत्राच्या पुढच्या कूर्चेचाच एक पापुद्रा आत ढकलण्याची रीत वर्णिली, आणि काही जर्मन लेखक मूळ कल्पना त्यांचीच मानतात. १९५२ च्या आसपास मॉयरमन यांनी बरगडीची कूर्चा वापरली. इश्शिकी यांचा निबंध १९७४ चा. कालानुक्रमाने पाहिले तर ते चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतात. परंतु आधीच्यांनी स्वररज्जू नुसता ढकलला. इश्शिकी यांनी तो किती, कोठे आणि कोणत्या हेतूने हलवायचा याचे शास्त्र बांधले. त्यांचे चार प्रकार आजही तसेच शिकवले जातात : पहिल्यात स्वररज्जू आत आणतात, दुसऱ्यात बाहेर नेतात, तिसऱ्यात सैल करून पट्टी उतरवतात, चौथ्यात ताणून ती चढवतात. या वर्गीकरणामुळे बहुतेक ग्रंथ त्यांनाच जनक म्हणतात, आणि ते रास्त आहे.

गायकांना लागतो तो बहुधा पहिला प्रकार. गळ्यावर आडवा छेद घेऊन, बाहेरून हाताला लागणाऱ्या कूर्चेच्या पाटीत, स्वररज्जूच्या पातळीवर, साधारण ५ बाय १० मिलिमीटरची खिडकी पाडतात. स्वरयंत्राच्या आतल्या पडद्याला धक्का लावत नाहीत. त्या खिडकीतून कूर्चेचा किंवा सिलिकॉनचा तुकडा सारला की स्वररज्जू आत झुकतो. रुग्ण जागा असतो. ‘ई’ म्हणा, असे सांगतात. आवाज खरखरीत आला तर तुकडा काढून थोडा तासतात, पुन्हा बसवतात, पुन्हा म्हणायला लावतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जीवा सरकवून जवारी लावण्यासारखेच हे काम आहे, कारण मोजपट्टीपेक्षा येथे कानच अधिक उपयोगी पडतो. अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर आवाज आवळल्यासारखा येतो. बे यांनी याच अवस्थेत, टेबलावर पडल्या पडल्या, एक ख्रिस्ती भजन गाऊन दाखवले होते. तंत्रिका मात्र जोडली जात नाही. स्वररज्जू हलत नाही तो नाहीच. हलणाऱ्या दुसऱ्या स्वररज्जूला टेकण्यासाठी तो जागेवर आणून ठेवलेला असतो.

चित्रपटाने शस्त्रक्रियेला न्याय दिला आहे, तिच्यानंतरच्या काळाला तितका नाही. शस्त्रक्रियेने बोलता येते, गाण्यासाठी त्यानंतर दीर्घ रियाज लागतो. श्वासपटलाची एक बाजू निकामी असताना लांब ओळ एका दमात कशी पेलायची, हा गायकापुढचा खरा प्रश्न होता. पटकथेत तो मैत्री आणि जिद्द यांच्या आड जातो. पडद्यावर ऐकू येणारे गाणे बे यांच्याच आवाजातील आहे. यू जी-ते यांनी त्यावर ओठ, जबडा आणि छातीची हालचाल बसवली आहे. हे काम किती अवघड असते, ते ‘बालगंधर्व’ (२०११) चित्रपटात आनंद भाटे यांच्या गायनावर सुबोध भावे यांचा अभिनय पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला सांगायला नको.

मराठी कलाकृतींत गायकाचा आवाज जाणे हा विषय नवा नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटात पंडितजींचा आवाज शेंदराने जातो. तेथे आवाज घालवणारा माणूस असतो, येथे कोणीच गुन्हेगार नाही. प्रत्यक्षातले जवळचे उदाहरण कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांचे. क्षयाने फुफ्फुस निकामी झाल्यावर ते देवासला काही वर्षे गाण्याविना राहिले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी परतले. त्यांची तुटक, झपाट्याची तान हा त्या आजाराचा परिणाम, असे अनेकदा लिहिले गेले आहे. त्यांच्या आजारापूर्वीच्या गाण्यातही ती वळणे आढळतात, असे म्हणणारा पक्ष अधिक सावध आहे. काहीही असो, ख्यालगायकाला एक मुभा असते. दम पुरत नसेल तर तो तान आखडती घेतो, पांढरी चार झेपेना तर काळी दोनवर उतरतो, तंबोरे त्या पट्टीला लावून घेतो, आणि श्रोते त्यालाच त्याची गायकी म्हणतात. ऑपेरा गायकाला स्वरलेखाने बांधलेले असते. ओळीची लांबी संगीतकाराने ठरवलेली, वरचा स्वर ठरलेला, शंभर वादक त्याच पट्टीत वाजवणार. त्यामुळे ‘आवाज परत आला’ याचा अर्थ दोन्हीकडे एक होत नाही, आणि बे यांचे पुनरागमन मोजायचे ते ऑपेराच्या मापाने.

ठाणे–नवी मुंबई परिसरात ऑपेरा क्वचितच होतो. येथील प्रेक्षकाला जवळचे आहे ते नाट्यसंगीत. मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन (१९७८), घोडबंदर रस्त्याच्या बाजूचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह ही त्याची ठिकाणे. ठाण्यात राहिलेले गायक-नट पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांच्या नावाने ठाणे महापालिका दरवर्षी संगीत समारोह भरवते. ‘मंदारमाला’तील त्यांच्या आक्रमक, चढ्या गायकीत स्पिंटोच्या जोराची कल्पना येते, एवढे साम्य दाखवता येईल. त्यापुढे तुलना ताणू नये.

चित्रपटातील आजाराशी मात्र नवी मुंबईचा संबंध थेट आहे. थायरॉइडच्या नेहमी आढळणाऱ्या कर्करोगांत शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात, कारण आयोडीन शोषून घेणाऱ्या उरल्यासुरल्या पेशींपर्यंत ते आपोआप पोचते. तुर्भ्याच्या खाडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून ते तयार होते आणि वाशी येथील ब्रिटच्या (किरणोत्सार व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाच्या) केंद्रातून देशभरच्या रुग्णालयांकडे औषधरूपात जाते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ८ दिवस, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. आठवड्याच्या वेळापत्रकाने पाठवावे लागते. खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग उपचार व संशोधन संस्था आहे.

गाणे हाच व्यवसाय नसलेल्या, पण आवाजावर पोट असलेल्यांची येथे मोठी वस्ती आहे : शाळाशिक्षक, कीर्तनकार, बाजार समितीत लिलाव पुकारणारे. घणसोली, दिवाळे, कोपरखैरणे अशा जुन्या गावठाणांत आगरी लग्नांमध्ये धवलारीण विधी चालू असेतो धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणते, अनेकदा रात्रभर. त्यांच्या तक्रारी बहुधा ताणाच्या असतात, तंत्रिकेच्या नव्हेत. ‘घसा बसलाय’ म्हणून ज्येष्ठमध, खडीसाखर यांवर महिने निघतात. दोन्ही स्थितींत सुरुवातीचा आवाज सारखाच फुसफुसता किंवा घोगरा येऊ शकतो, त्यामुळे तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकलेल्या घोगरेपणात दुर्बिणीने स्वररज्जू पाहणे हा रूढ संकेत आहे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेआधीही तीच तपासणी करतात, आणि रुग्ण गाणारा असल्यास शल्यचिकित्सकाला ते आधी सांगितलेले बरे : तंत्रिकेचा विद्युत-निरीक्षक लावायचा की नाही, वरच्या टोकाशी किती सावकाश जायचे, हे त्यावर ठरते.