हरणाच्या शिकारीसाठी काडतूस आणि गोळी: घेण्याआधी वाचा

आमच्या काउंटरवर पहिला प्रश्न बहुधा कॅलिबरचाच, म्हणजे गोळीच्या जाडीचा, येतो. .२४३ घेऊ की .३०८? ६.५ क्रीडमूर या नव्या काडतुसाचा एवढा गाजावाजा चाललाय, त्यात तथ्य आहे का? प्रश्न रास्त आहेत, पण आम्ही आधी दोन उलट प्रश्न विचारतो. साधारण किती अंतरावरून चाप ओढणार? आणि रायफल कोणती? हरणापर्यंत पोचते ती फक्त गोळी. काडतुसाची धातूची पुंगळी, दारू, ती पेटवणारा प्रायमर हे सगळे रायफलीपाशीच राहते. म्हणून या पत्रकात काडतुसांपेक्षा गोळ्यांना जास्त जागा दिली आहे.

आधी कायदा

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार हरणांची शिकार गुन्हा आहे. जिथे परवाना आणि हंगाम ठरवून शिकारीला मुभा आहे, फक्त तिथल्यासाठी ही माहिती आहे. नियम देशागणिक बदलतात आणि काडतुसाची निवड बरेचदा तेच ठरवतात. इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या जातींच्या हरणांसाठी किमान .२४० इंच कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते. जर्मनीत छोट्या रो हरणासाठी १०० मीटरवर १,००० जूल पुरतात. त्याहून मोठ्या खुरवाल्या प्राण्यांना किमान ६.५ मिलिमीटरची गोळी आणि त्याच अंतरावर २,००० जूल हवेत. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालतच नाही. अमेरिकेच्या काही राज्यांत तर फक्त सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी निमुळती न होणाऱ्या पुंगळीची काडतुसे चालतात. आधी आपल्या परवान्यावरच्या अटी वाचा, मग आमच्याकडे या.

गोळीने करायचे काय?

मध्यम आकाराच्या हरणाच्या पुढच्या पायामागे, छातीच्या पोकळीत, हृदय आणि फुफ्फुसे मिळून जेमतेम २० सेंटिमीटरचा भाग असतो. नेम तिथेच धरायचा. गोळी आत शिरल्यावर पुढून उमलायला हवी, मूळ जाडीच्या दीडपट ते दुप्पट, आणि तरीही दोन्ही फुफ्फुसांच्या पार जाण्याइतके वजन तिच्यात उरायला हवे. ती पलीकडून बाहेर पडली तर उत्तमच. आत शिरतानाचे भोक लहान असते आणि केसांत झाकले जाते. रक्ताचा माग मिळतो तो बहुतेक बाहेर पडतानाच्या भोकामुळे. फुफ्फुसात गोळी बसलेले हरीणसुद्धा बरेचदा शंभरेक मीटर धावते. दाट झाडीत तेवढे अंतर खूप झाले.

संपूर्ण कवच असलेली लष्करी गोळी यासाठी निरुपयोगी आहे. ती उमलत नाही, बारीक भोक पाडून पार निघून जाते आणि जनावर दूर जाऊन तडफडत मरते. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात उमलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली. शिकारीचे नियम बहुतेक ठिकाणी नेमके उलट, न उमलणारी गोळी चालणार नाही असे सांगतात. जुना लष्करी साठा स्वस्तात मिळतो म्हणून कोणी विचारले तर आमचे उत्तर ठरलेले आहे: चांदमारीला न्या, रानात नाही. मॅच गोळ्यांचेही, म्हणजे नेमबाजी स्पर्धेसाठीच्या गोळ्यांचेही तसेच. कागदावर त्यांचा नेम डोळे दिपवतो, पण त्या हाडामासासाठी घडवलेल्याच नसतात. कधी फुटून विखुरतात, कधी सुईसारख्या आरपार जातात. आधी सांगता येत नाही, हीच खरी अडचण.

मग उरतात ते असे प्रकार. तांब्याच्या मिश्रधातूचे कवच, आत शिसे आणि टोकाशी थोडे उघडे शिसे, ही जुनी साधी घडण. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट १९३९ पासून बाजारात आहे आणि मध्यम अंतरावर मध्यम हरणाला आजही पुरून उरते. टोकाला प्लास्टिकची कणी बसवलेली गोळी हवा चांगली कापते आणि झटकन उमलते. जवळून वेगात लागली तर मात्र खांद्याचे मांस नासवते. नोस्लर पार्टिशन १९४८ ची. तिच्या मधोमध धातूची आडभिंत असते, त्यामुळे पुढचा भाग उमलला तरी मागचा अर्धा शाबूत राहून आत घुसत जातो. बाँडेड गोळीत शिसे कवचाला जोडलेलेच असते, त्यामुळे हाडावर आपटूनही ते सहसा सुटत नाही. आणि शेवटी निव्वळ तांब्याची गोळी. ती पाकळ्यांसारखी उघडते आणि जवळपास सगळे वजन टिकवून ठेवते.

तांब्याबद्दल थोडे सविस्तर, कारण गैरसमज इथेच फार. तांबे शिशापेक्षा हलके. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि ती स्थिर फिरायला नळीतले आटे अधिक घट्ट पिळाचे लागतात. म्हणून वजन एक पायरी खाली घ्या: शिशाची १६५ ग्रेन वापरत असाल तर तांब्याची १५० किंवा १३०. (एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन.) शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, क्ष-किरण चित्रात दिसतात. रानात टाकलेली आतडी खाणारी गिधाडे-गरुडही त्याने विषबाधा होऊन मरतात. कॅलिफोर्नियातल्या बंदीमागचे मोठे कारण तिथला काँडोर हा गिधाडासारखा मोठा पक्षीच होता. घरात लहान मुले हे मांस खाणार असतील तर आम्ही तांबेच सुचवतो.

वेगाची चौकट

प्रत्येक शिकारी गोळी ठरावीक वेगाच्या मर्यादेतच नीट काम करते. खूप हळू लागली तर उमलत नाही, खूप जोरात लागली तर वरच्यावर फुटते. शिशाच्या अनेक गोळ्यांना हरणावर लागताना निदान ५५० मीटर प्रतिसेकंद वेग हवा असतो, तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना ६०० च्या आसपास. आकडा गोळीगणिक वेगळा असतो. निर्मात्याच्या माहितीत तो दिलेला असतो, तो बघा.

.३०-३०, .३०८, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या चार काडतुसांत एकाच जाडीची, .३०८ इंचाची गोळी बसते, पण वेग फार वेगळे. .३०-३० ची १५० ग्रेनची गोळी सुमारे ७३० मीटर प्रतिसेकंदाने सुटते आणि दोनशे मीटरच्या आधीच ५५० च्या खाली उतरते, म्हणून तिच्यासाठी मऊ गोळ्या वेगळ्या बनवतात. मॅग्नमसाठी घडवलेली जाड कवचाची गोळी तिथे जेमतेम उमलेल. घरी काडतुसे भरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. .३०-३० च्या बहुतेक लिव्हर रायफलींत मॅगझिन नळीचे असते आणि एका काडतुसाचे टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकते. तिथे टोकदार टणक गोळी कधीच नको. चपट्या नाकाची किंवा खास लवचीक टोकाचीच घ्या.

पेटीवर छापलेला वेग बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो. तुमची नळी २० इंची असेल तर त्यातून काही वजा करा, साधारण इंचामागे सात-आठ मीटर प्रतिसेकंद.

काडतुसांबद्दल आमचे मत

.२४३ विंचेस्टर (१९५५): धक्का हलका, मध्यम हरणाला ९० ते १०० ग्रेनची गोळी पुरते. ५५ ग्रेनच्या गोळ्या कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी असतात, हरणावर नकोत. नेम चुकला तर सांभाळून घेणारे हे काडतूस नाही, त्यामुळे नवख्याला देताना आम्ही गोळी चांगली घ्यायचा आग्रह धरतो.

६.५ क्रीडमूर (२००७), ७ मिमी-०८ आणि शंभरी ओलांडलेले ६.५×५५ स्वीडिश: हरणावर यांतला फरक शोधून सापडणार नाही. आम्हाला स्वतःला ७ मिमी-०८ आवडते, पण काडतुसे सगळीकडे मिळतीलच असे नाही. क्रीडमूरचा गाजावाजा लांब पल्ल्यावर कागद भेदणाऱ्यांचा आहे. दीडशे मीटरवर हरणाला तो कळत नाही.

.२७० विंचेस्टर (१९२५): १३० ग्रेन, वेग ९३० मीटर प्रतिसेकंदाच्या घरात, मार्ग सपाट. जवळच्या झाडीत मात्र घट्ट घडणीचीच गोळी घ्या.

.३०८ (१९५२) आणि .३०-०६ (१९०६): काय घ्यावे सुचत नसेल तर .३०८ आणि १५० ग्रेन. १०० मीटरवर नेम जुळवला तर २०० वर गोळी दहा-पंधरा सेंटिमीटर खाली लागते, तेवढे लक्षात राहते. सांबर किंवा एल्कएवढे मोठे हरीण असेल तर १६५ ते १८० ग्रेन.

.३०० विंचेस्टर मॅग्नम: मागाल तर देऊ, पण दोनशे मीटरच्या आतल्या हरणाला त्याची गरज नाही. त्याचा धक्का .२४३ च्या अडीच-तीनपट बसतो आणि धक्क्याला बिचकणारा माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. तुम्ही बिचकता का, हे बघायला मित्राला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एक-दोन पोकळ (दारू-प्रायमर नसलेली) सरावाची काडतुसे मिसळायला सांगा, कुठे ते तुम्हाला न सांगता. पोकळ काडतुसावर नळी खाली झुकली तर छोटे कॅलिबर घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

घेताना आणि घेतल्यावर

नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे नाव अक्षरन्‌अक्षर जुळले पाहिजे. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या रायफलीत बसू शकते आणि झाडले तर रायफल फुटते. दोन्ही असतील तर काडतुसे वेगळ्या पिशव्यांत, वेगळ्या ठिकाणी ठेवा.

एकच गोळी दोन सारख्या रायफलींतूनही सारखी जात नाही. दोन-तीन प्रकारांची एकेक पेटी न्या, १०० मीटरवर आधार घेऊन तीन-तीन गोळ्यांचे गट मारा, आणि जो गट लहान येईल त्याच लॉट क्रमांकाच्या (एकाच खेपेत बनलेल्या) पुरेशा पेट्या एकदम घेऊन ठेवा. लॉट बदलला की नेम पुन्हा तपासावा लागतो. गोळीचा प्रकार बदलला तर दुर्बीण नव्याने जुळवल्याशिवाय रानात जाऊ नका. परत येताना रिकामी पेटी आणि कागदावरचा गट सोबत आणलात तर पुढची निवड आम्ही तुमच्यासोबत बसून करू.