कोळशावरची टेक्सस चिली: नवा बार्बेक्यू पेटवण्याआधी हे वाचा

बार्बेक्यू घरी नेल्यावर महिन्याभरात आमच्या दुकानात हमखास एक फोन येतो: "पाच तास ठेवलं, तरी मांस चिवट कसं?" आम्ही विचारतो, झाकण किती वेळा उघडलंत? पलीकडे थोडी शांतता. म्हणून हा कागद.

चिली म्हणजे आपला रस्सा नव्हे, पण नातं जवळचं आहे: सुकी लाल मिरची, जिरं, लसूण, मांस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन अँटोनियोच्या चौकांत संध्याकाळी बायका टेबलं मांडून ती विकत. १९७७ साली टेक्ससने तिला राज्याचा अधिकृत पदार्थ केलं. इथली माणसं त्यात राजमा घालत नाहीत. तुम्हाला हवाच असेल तर कुकरमध्ये पूर्ण शिजवून शेवटी घाला. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेवर जात नाही, त्याला खळखळून उकळी लागते.

मांस 'चक रोस्ट'च घ्या, म्हणजे खांद्याकडचं बीफ. तीन पौंडांचा जाड तुकडा सहा जणांना पुरतो. महागडं, बिनचरबीचं मांस इथे वाया जातं. तासाभरात चोथा होतो. चकमध्ये चरबी आणि चिवट पापुद्रे असतात. ते पापुद्रे सावकाश विरघळतात आणि रसाला दाटपणा येतो. त्याला आच नाही, वेळ लागतो. आच वाढवून वेळ वाचत नाही, कारण रस उकळला की त्याचं तापमान वर चढतच नाही. फक्त पाणी आटतं आणि बूड लागतं. बीफ खात नसाल तर बोकडाचा खांदा घ्या. रीत हीच, फक्त तासभर आधीपासून दाबून बघायला लागा.

विस्तव

खरी मेख इथे आहे. सगळा कोळसा एकदम पेटवू नका. ब्रिकेट (कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या) बार्बेक्यूच्या आतल्या कडेने, दोन शेजारी आणि त्यांवर दोन, अशा अर्धवर्तुळात रचा. एका टोकाला दहाबारा पेटते निखारे ठेवा. उदबत्तीसारखं ते टोकाकडून टोकाकडे जळत जातं. वरची झडप पूर्ण उघडी, खालची चतुर्थांश. आच कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेने, जरा जरा. झडप हलवली की पंधरा मिनिटं हात लावू नका. झाकणावरचा काटा २५० ते २७५ फॅरनहाइटमध्ये (साधारण १२० ते १३५ सेल्सिअस) राहिला की बस.

धुरासाठी ओकचे दोनतीन ठोकळे कोळशाच्या रांगेवर ठेवा. मेस्किटचं लाकूड उग्र असतं, पहिल्यांदा नकोच. धूर पातळ, निळसर हवा. पांढरे लोट निघत असतील तर मांस ठेवू नका, कडवट होईल. भरताच्या धुंगारासारखंच आहे हे: वास यावा, ठसका नको.

मिठाचा हात फिरवलेलं मांस अख्खंच मधोमध जाळीवर दोन तास ठेवा. तोवर मिरच्या करा. चार अँचो, चार ग्वाहिओ, दोन्ही मेक्सिकन सुक्या मिरच्या. देठ-बिया काढून तव्यावर काही सेकंद फिरवा, गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, मिक्सरला लावा. मिरची करपली तर फेकून द्या. ग्वाहिओऐवजी बेडगी चालते, रंग तर छानच येतो. अँचोचा मनुकांसारखा गोडवा मात्र तिच्यात नाही.

आता मांसाचे इंचभराचे तुकडे करा. बिडाच्या भांड्यात कांदा, सहा लसूणपाकळ्या आणि दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड परतून घ्या; वाटण, मांस आणि तीन कप पाणी घाला. भांडं झाकून जाळीवर ठेवा, कोळशाच्या शेपटीला नवे ब्रिकेट जोडा आणि तीन तास विसरा. मधे एकदाच ढवळा. बुडबुडा अधूनमधून यावा, रटरट नको. बोटांनी दाबल्यावर तुकडा सुटला की झालं. नाही सुटला तर अजून अर्धा तास. घड्याळाचं ऐकू नका. रस अंगाबरोबर हवा, वर लाल तर्री दिसली पाहिजे. पातळ वाटला तर चमचाभर 'मासा हरिना' (मेक्सिकन पद्धतीचं मक्याचं पीठ) पाण्यात कालवून लावा.

दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. उरलेली दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये टाका.

एवढं मात्र नक्की पाळा

पाऊस असो वा थंडी, गॅरेजमध्ये किंवा घरात पेटवायचं नाही, दार उघडं असलं तरी नाही. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अपार्टमेंटच्या बाल्कनीत बहुतेक ठिकाणी मनाईच असते, लीज वाचा. उन्हाळ्यात काउंटीने 'बर्न बॅन' (उघड्यावर आग पेटवायला बंदी) लावला आहे का, तेही बघा. काम झाल्यावर दोन्ही झडपा बंद करा. राख दोन दिवसांनी, तीही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच.

बिडाचं भांडं साबणात भिजत घालू नका. धुवून लगेच पुसा, तेलाचा हात लावा. गंज चढलाच तर दुकानात आणा, घासून परत तेल मुरवून देतो. पैसे घेत नाही.