आंबवलेल्या वनस्पती आणि फुप्फुसं: वाट आतड्यातून जाते

आंबवलेल्या भाजीचा किंवा मुळाचा एक कणही फुप्फुसात जात नाही, आणि जायलाही नको. अन्न श्वासनलिकेत उतरलं तर ठसका लागतो, कधी न्यूमोनियाही होतो. तरीही आंबवलेल्या खाद्यवनस्पतींमुळे फुप्फुसांना मदत होऊ शकते, या शक्यतेवर गंभीर संशोधन चालू आहे. ती मदत कोणत्या वाटेने पोहोचते हे कळलं, की ‘फुप्फुसं स्वच्छ करणाऱ्या’ पेयांच्या जाहिरातींकडे बघण्याची दृष्टीच बदलते.

आधी बरणीत काय होतं ते पाहू. कोबी चिरून वजनाच्या साधारण २ ते २.५ टक्के मीठ लावलं की त्याला पाणी सुटतं. भाजी त्या पाण्यात बुडलेली ठेवली, तर तिच्यावर मुळातच असलेले जिवाणू कामाला लागतात. सुरुवात बहुधा ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस करतो. तो आम्ल तयार करतो, शिवाय कार्बन डायऑक्साइडही सोडतो, त्यामुळे उरलासुरला ऑक्सिजन बाहेर ढकलला जातो. आंबटपणा वाढला की हा मागे पडतो आणि जास्त आम्ल सोसणारा लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम ताबा घेतो. (२०२० पर्यंत याचं नाव लॅक्टोबॅसिलस प्लांटारम होतं, जुन्या लेखांत ते तसंच सापडेल.) सामू (आम्लता मोजणारा pH) ४.६ च्या खाली गेला की बॉट्युलिझम या अन्नातून होणाऱ्या विषबाधेच्या घातक जिवाणूची वाढ थांबते. आंबवलेली भाजी टिकते ती या आंबटपणामुळेच.

पण मला यातला अधिक मोलाचा भाग वाटतो तो विकरांचा, म्हणजे एन्झाइम्सचा. वनस्पती आपली बरीच औषधी द्रव्यं साखरेच्या रेणूंना जोडून साठवतात. अशी जोडलेली बरीच द्रव्यं आतड्यातून सहज शोषली जात नाहीत. प्लांटारमसारख्या जिवाणूंकडे बीटा-ग्लुकोसिडेज नावाचं विकर असतं. ते ही साखर तोडतं. जिवाणूला खाद्य मिळतं आणि मूळ द्रव्य मोकळं होतं. पूर्व आशियात खोकल्यावर वापरल्या जाणाऱ्या प्लॅटिकोडॉनच्या मुळाचं उदाहरण घ्या. त्यातल्या प्लॅटिकोसाइड ई या मोठ्या रेणूवरच्या काही साखरा काढल्या की प्लॅटिकोडिन डी मिळतं. सूज कमी करण्याच्या संदर्भात याच रेणूचा पेशींवर आणि प्राण्यांवर बराच अभ्यास झाला आहे. म्हणजे आंबवल्याने वनस्पती नुसती टिकत नाही, तिचं रसायनच बदलतं.

आता आतड्यापासून फुप्फुसापर्यंतचा प्रवास. वनस्पतीतले तंतू आपल्याला पचत नाहीत, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांना तंतुमय आहार दिला, आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची अ‍ॅलर्जी झाल्यावर त्यांच्या फुप्फुसात सूज कमी आढळली. कारण शोधताना ते थेट अस्थिमज्जेपर्यंत पोहोचले. प्रोपिओनेटच्या प्रभावाने तिथे तयार होणाऱ्या प्रतिकारपेशींची घडण बदलत होती. या पेशी फुप्फुसात गेल्यावर बाहेरचे कण गिळत होत्या, पण अ‍ॅलर्जीची साखळी पेटवण्यात कमी पडत होत्या. फुप्फुसाचा बचाव हाडांच्या आत ठरतो आणि त्याची सूचना आतड्यातून येते, हे समजल्यावर मी थक्क झालो.

माणसांबद्दल मात्र जपून बोलावं लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३६ निरोगी प्रौढांपैकी एका गटाने १० आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाल्ले. त्यांच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता वाढली आणि सुजेशी संबंधित १९ प्रथिनं रक्तात कमी झाली. त्यात इंटरल्युकिन-६ ही होतं. पण त्या आहारात भाज्यांसोबत दह्यासारखे दुधाचे पदार्थही होते, आणि फुप्फुसाची क्षमता हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता. सर्दी-खोकल्यासारख्या श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या संसर्गावर प्रोबायोटिक्सचे, म्हणजे लाभदायक जिवंत जिवाणूंचे, प्रयोग झाले आहेत. अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यानुसार त्यांनी असे संसर्ग कमी होत असावेत, पण पुराव्याची खात्री कमी ते मध्यम दर्जाची आहे. दमा किंवा सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आंबवलेल्या वनस्पतींनी बरा होतो, असं सांगणारा कुणीही आज पुराव्याच्या पुढे धावतो आहे. इन्हेलर बंद करून बरणीवर भरवसा ठेवणं जिवावर बेतू शकतं.

आणखी एक गोष्ट खरेदी करताना उपयोगी पडेल. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने घेतल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. आंबवलेला प्रत्येक पदार्थ त्यात बसत नाही. व्हिनेगर घालून आंबट केलेल्या भाजीत किण्वन, म्हणजे जिवाणूंनी आंबवणं, झालेलंच नसतं. उकळलेल्या किंवा पाश्चरीकरण केलेल्या पदार्थातले जिवाणू मेलेले असतात, पण मोकळी झालेली वनस्पतिद्रव्यं आणि आम्ल बऱ्याच अंशी टिकतात. भाजी शिजवली म्हणून सगळं वाया गेलं, असं नाही.

मीठ मात्र बरणीत भरपूर असतं, रक्तदाब असणाऱ्यांनी ते मोजून खावं. अशा पदार्थांत हिस्टामिन हे अ‍ॅलर्जीसारखी लक्षणं आणणारं द्रव्यही साठतं, आणि ते न सोसणाऱ्यांचं डोकं दुखू शकतं, नाक वाहू लागतं. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी जिवंत जिवाणू असलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकीच्यांनी थोड्या प्रमाणात सुरुवात करावी, आणि सोबत डाळी, भाज्या, अख्खी धान्यं ठेवावीत. ती मेदाम्लं बनतात ती याच तंतूंपासून.