विद्यामंदिर ते शाळा व्यवस्थापन समिती: नागपूरकडची वाट

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पाटीपुस्तकं जरा मार्गी लागतात तोच मौदा, रामटेक, कुहीकडे धानाची रोवणी सुरू होते. पालकांचा भरणा असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीची मासिक सभा मात्र याही दिवसांत व्हावीच लागते. कोरम भरला नाही तर प्रोसिडिंगचं रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या कशा घेतात, हे कुठल्याही जुन्या गुरुजींना विचारा. ते नुसते हसतील. पालकांना शाळेचं काही पडलेलं नाही, असा निष्कर्ष यातून लगेच काढला जातो. मला तो उथळ वाटतो. शाळेचं पडलेलं असणं म्हणजे काय, हे या भागात दर पिढीला वेगळंच कोणीतरी ठरवत आलं आहे.

१९३७ साली नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. डॉ. ना. भा. खरे यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळात शिक्षण खातं रविशंकर शुक्लांकडे होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जवळच वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षणाची, मांडणी झाली. त्याच वातावरणात शुक्लांनी ‘विद्यामंदिर’ योजना आणली. कल्पना साधी होती. सरकारकडे पैसा नाही, तेव्हा गावाने शाळेला जमीन दान द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून मास्तरांचा पगार व शाळेचा खर्च निघावा. योजनेपेक्षा नावावरूनच जास्त रान पेटलं. ‘मंदिर’ या शब्दाला मुस्लिम लीगने जोरदार हरकत घेतली आणि काँग्रेस सरकारांविरुद्धच्या तक्रारी मांडणाऱ्या लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालातही ती आली. १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तेव्हा योजनेचा पाठीराखाच गेला.

नावाचा वाद इतिहासात नोंदला गेला, पण माझ्या मते खरी मेख जमिनीत होती. नागपूरचा हा मुलूख मालगुजारीचा, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदाराचा. दान द्यायला जमीन होती ती मुख्यतः मालगुजाराकडे. म्हणजे ‘गावाचा सहभाग’ हा बहुधा एका वाड्याचा सहभाग. ज्या शेतमजुराचं पोर त्या शाळेत बसायचं, त्याच्याकडे द्यायला जमीन नव्हती, म्हणून बोलायला तोंडही नव्हतं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली.

मधल्या काळात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा या स्थानिक स्वराज्य संस्था आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९५६ ला नागपूरचं राजधानीपण गेलं, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मास्तरांचा पगार सरकारी तिजोरीतून येऊ लागला. हे चांगलंच झालं; पाऊस पडला तर पगार, अशी शाळा कोणाला हवी? पण बदली, इमारत, वर्गखोली या सगळ्यांसाठी आता जिल्हा परिषदेचं तोंड पाहायचं आणि गावाने पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर उभं राहायचं, एवढंच उरलं.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने लोकसहभाग हा शब्द पुन्हा काढला. पुढे ग्राम शिक्षण समित्या झाल्या आणि सर्व शिक्षा अभियानात बांधकामाचा पैसाही गावाच्या हातून खर्च होऊ लागला. समितीचा अध्यक्ष सरपंच. त्यामुळे पंचायतीचं राजकारण शाळेच्या ओट्यावर येऊन बसलं. वाड्याची जागा पॅनलने घेतली म्हणा ना.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ या सगळ्या पार्श्वभूमीवर वाचावं. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा; मुख्याध्यापक फक्त सदस्य-सचिव. अनुदान कसं खर्च झालं हे बघायचं, शाळा विकास आराखडा करायचा, पोषण आहारावर लक्ष ठेवायचं. शाळेवर बोलायला जमीन लागत नाही, निवडून यावं लागत नाही, पोर शाळेत असलं की पुरे, हे पहिल्यांदा कायद्यात लिहिलं गेलं. कागदावर तरी हा मोठा उलटफेर होता.

शहरात मात्र चित्र निराळं. महापालिकेच्या शाळांना हीच समिती लागू आहे. अनुदानित खाजगी शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती फक्त सल्ला देऊ शकते आणि विनाअनुदानित शाळांना ती लागूच नाही. तिथे पालक-शिक्षक संघ आणि त्याच्या कार्यकारी समितीचा मुख्य विषय फी. २०११ च्या शुल्क कायद्याने फीवाढीला या समितीची मंजुरी लागते. २०१८ च्या दुरुस्तीने मात्र वाढीविरुद्ध दाद मागायला किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तावातावाने बोलणारे सही करायची वेळ आली की ‘पोराला त्रास नको’ म्हणून मागे सरतात, हे अनेकांनी पाहिलं असेल.

गावाकडे सहीचीच अडचण, पण कारण वेगळं. निम्म्या महिला सदस्य असाव्यात हे कायदा सांगतो आणि रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेल्या असतात त्याही बायाच. सभेला आलेल्या बाईची त्या दिवशीची बुडालेली मजुरी कोणी भरून द्यायची, याबद्दल कलम २१ मध्ये एक शब्द नाही.