भिंतीला गुण कोण देणार?

एकेक फोटो पाहावा तर उत्तम, पण सगळे मिळून प्रदर्शन मात्र फिकं. असं वारंवार होतं, आणि त्याचं मूळ परीक्षणाच्या जुन्या रीतीत आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. त्या काळी युरोपातल्या प्रदर्शनांत फोटो पार छतापर्यंत खेटून लावत. वरच्या रांगेतलं चित्र धड दिसायचंच नाही. 1891 मध्ये व्हिएन्नाच्या हौशी छायाचित्रकारांच्या क्लबाने आलेल्या सुमारे 4,000 चित्रांतली 600च लावली, तीही निव्वळ कलागुण पाहून. दोन वर्षांनी लंडनच्या ‘लिंक्ड रिंग’ या छायाचित्रकारांच्या गटाने आपलं सॅलॉन, म्हणजे निवडक फोटोंचं प्रदर्शन, भरवलं. तिथे पदकं नव्हती, भिंतीवर जागा मिळणं हाच मान. आज सॅलॉनवाले ज्याला ‘ॲक्सेप्टन्स’ म्हणतात तो मान इथून आला.

दुसरी वाट न्यूयॉर्कची. 1905 साली आल्फ्रेड स्टिगलिट्झ आणि एडवर्ड स्टायकेन या छायाचित्रकारांनी फिफ्थ अव्हेन्यूवरच्या 291 क्रमांकाच्या छोट्या दालनात सौम्य रंगाच्या भिंती ठेवल्या, फोटो नजरेच्या उंचीवर लावले आणि प्रत्येकाभोवती मोकळी जागा सोडली. शेजारचा फोटो कोणता, हाही तिथे निवडीचा भाग झाला.

1950 मध्ये ‘फियाप’ हा छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि सॅलॉनची वाट जगभर पक्की झाली. तीन परीक्षक, प्रत्येकाचे 5 पैकी गुण, मग बेरीज, अशी पद्धत आपल्याकडेही रुळली. तिची अडचण साध्या हिशेबात दिसते. 4,000 फोटोंना 5-5 सेकंद दिले तरी साडेपाच तास जातात. आत येण्यासाठी 15 पैकी किमान 13 गुण लागत असतील, तर 5, 5, 2 मिळवणारा धाडसी फोटो 12वर बाद होतो आणि 5, 4, 4 वाला बेताचा फोटो आत जातो. पाच सेकंदांत जे ओळखीचं वाटतं तेच वर येतं. म्हणून तर भिंतीवर भंडारा उधळलेली जेजुरी तीनदा भेटते, धुरातला साधू चारदा! यात त्या छायाचित्रकारांचा दोष नाही. चारही साधू शेजारीशेजारी कसे दिसतील, हे गुण देताना कुणी पाहिलेलंच नसतं.

प्रदर्शनाचा दर्जा ठरवायचा तर आधी उजेड पाहावा. प्रिंट पारखण्यासाठी 5000 केल्विन (उजेडाचा रंग) आणि सुमारे 500 लक्स (उजेडाची तीव्रता) हे प्रमाण आहे. पिवळ्या स्पॉटलाइटखाली कृष्णधवल प्रिंटमधला तटस्थ काळा तपकिरी दिसतो. काचेवर दिवा चमकला तर सावलीतला तपशील गेलाच. जुन्या अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरच्या) प्रिंटांना मात्र 50 लक्सच द्यावे लागतात, जास्त उजेडाने त्या फिक्या पडतात. तिथल्या अंधुकपणाचे गुण कापू नयेत. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंमीवर हवा. लहानमोठ्या चौकटींच्या वरच्या कडा जुळवल्या की मध्य खालीवर होतात आणि नजर अडखळत राहते.

मग पहिली फेरी मथळे न वाचता मारावी. मनातल्या मनात एखादा फोटो काढून टाकावा. शेजारच्या दोघांना काहीच फरक पडत नसेल, तर तो निवडला गेलाय, मांडला गेलेला नाही. असे फोटो किती, ते मोजावं.