मॅडिसन काउंटीतील छताचे पूल व जुन्या वास्तू

मॅडिसन काउंटी ही अमेरिकेच्या आयोवा राज्यातील ग्रामीण काउंटी. राजधानी डे मॉइनच्या नैर्ऋत्येला मका-सोयाबीनच्या शेतांचा हा मुलूख आहे. लोकसंख्या सुमारे साडेसोळा हजार. मुख्य ठिकाण विंटरसेट. एकोणिसाव्या शतकातील लाकडी, छत घातलेल्या पुलांसाठी ती प्रसिद्ध आहे. असे १९ पूल येथे होते, आज ६ उभे आहेत.

पुलाला छत कशासाठी, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच. प्रवाशांचा पावसापासून बचाव हा त्याचा हेतू नव्हता. पुलाच्या तळाला जाड, महागडे वासे लागत. ते पावसापाण्याने कुजले की बदलणे खर्चाचे, त्या मानाने बाजूच्या फळ्या आणि वरचे छप्पर स्वस्त. म्हणून काउंटीच्या कारभाऱ्यांनी पूल झाकून घेण्याचे ठरवले. आज ज्याला रम्य म्हणतात ते मुळात काटकसरीतून आले. नावांचेही तसेच. जवळ ज्याचे घर, त्याचे आडनाव पुलाला.

सर्वांत जुना आइम्स पूल १८७० चा. त्यानंतरचा कटलर-डॉनहो १८७१ चा; तो ईलाय कॉक्सने बांधला. या दोघांची छपरे उतरती आहेत. उरलेल्या चारांची छते सपाट असून ते बेंटन जोन्स या बांधकाम करणाऱ्याचे आहेत: हॉलिवेल (१८८०), रोझमन (१८८३), सीडर (१८८३) आणि हॉगबॅक (१८८४). १२२ फुटांचा हॉलिवेल सर्वांत लांब. रोझमनबद्दल एक भुताटकीची गोष्ट सांगतात. १८९२ मध्ये तुरुंगातून पळालेल्या कैद्याला शोधपथकांनी दोन्ही टोकांकडून या पुलात कोंडले, तेव्हा तो किंचाळत छतातून वर गेला आणि दिसेनासा झाला म्हणे. पर्यटकांना ही गोष्ट न चुकता ऐकवली जाते.

जतन झाले म्हणजे सारे जागच्या जागी राहिले असे मात्र नाही. आइम्स पूल १८८७ मध्ये एकदा हलला आणि १९७७ मध्ये सेंट चार्ल्स गावी आला. कटलर-डॉनहो विंटरसेटच्या नगर उद्यानात नेऊन ठेवला आहे. सीडर पूलही १९२१ मध्ये हलवलेला. मूळ जागी राहिले ते तीनच: रोझमन, हॉलिवेल, हॉगबॅक. तरीही हलवण्याला नावे ठेवता येत नाहीत. न हलवलेले बरेचसे पूल आज नाहीतच.

पुरापेक्षा अलीकडच्या काळात आगीनेच अधिक घात केला, आणि त्या आगी लावलेल्या होत्या. मॅकब्राइड पूल १९८३ मध्ये जाळला गेला. तो पुन्हा बांधला नाही, म्हणून सातांचे सहा झाले.  सीडर पूल २००२ मध्ये कोणीतरी पेटवला. जुन्या आराखड्याबरहुकूम २००४ मध्ये नवा उभारला, तो २०१७ मध्ये पुन्हा जाळण्यात आला. २०१९ मध्ये तिसऱ्यांदा बांधला. १८८३ चे लाकूड त्यात राहिलेले नाही, तरी काउंटी त्याला सहांमध्येच मोजते, आणि त्यात गैर काही नाही. हे पूल १९७६ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाले. पुढे १९९२ च्या एका कादंबरीने आणि तिच्यावरच्या १९९५ च्या चित्रपटाने त्यांना जगभर नेले. संवर्धन मात्र त्याआधीच सुरू झालेले होते, हे विसरले जाते.

पूल लाकडाचे, तर गावातल्या वास्तू चुनखडीच्या. हा दगड येथलाच. विंटरसेटच्या चौकातील घुमटाचे न्यायालय याच दगडाचे असून आधीची इमारत जळाल्यावर १८७६ मध्ये त्याचे काम सुरू झाले. नॉर्थ रिव्हरची एकखोली दगडी शाळा १८७४ ची. नगर उद्यानातील क्लार्क मनोरा मात्र १९२६ चा. काउंटीतील पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी एका कुटुंबाची आठवण म्हणून तो बांधला.

अभिनेता जॉन वेन १९०७ मध्ये विंटरसेटमध्येच जन्मला. त्याचे चार खोल्यांचे घर जपले असून शेजारी संग्रहालय आहे. गर्दी तिकडे असते. मराठी वाचकाला अधिक जवळचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे. गुलामीत जन्मलेले हे कृषिशास्त्रज्ञ तरुणपणी विंटरसेटला आले, येथल्या हॉटेलात स्वयंपाकी झाले, धुलाईचा धंदाही केला. चर्चमध्ये ओळख झालेल्या मिलहॉलंड दांपत्याच्या आग्रहावरून ते १८९० मध्ये शेजारच्या काउंटीतील इंडियनोला येथे सिम्प्सन महाविद्यालयात दाखल झाले, आणि पुढच्याच वर्षी शेतीशास्त्र शिकायला एम्सला गेले. विंटरसेटच्या चौकाजवळ त्यांच्या नावाची छोटी बाग आहे.